सगळ्या गोठ्यांतून एकच वाक्य

सकाळी साडेदहालाच सर्व्हरचा प्रोसेसर नव्याण्णव टक्क्यांवर जाऊन बसला आणि शाल्मलीने आपल्या साहेबांना, डबीर सरांना हाक मारली. जनावरांच्या गळ्यातल्या पट्ट्यांमधून येणारं हंबरणं-भुंकणं माणसांच्या भाषेत करून मालकाच्या फोनवर पाठवायचं, एवढंच त्या बिचाऱ्या सर्व्हरचं काम. एरवी 'भूक', 'माशी', 'वासरू कुठंय' यातच अख्ख्या जिल्ह्याचा दिवस जायचा आणि आकडा दहाच्या वर सरकायचा नाही.

"प्रोग्रॅम अडकलाय कुठेतरी," डबीर सर म्हणाले. "एकच वाक्य चाळीस हजार वेळा? रीस्टार्ट मार आणि चहा सांग."

पण शाल्मलीने यादी उघडली. पट्टे वेगळे, गावं वेगळी, म्हशी, शेळ्या, कुत्री, आणि वाक्य मात्र एकच: 'छपराखाली नको.' यादीत तिच्या घरची मोरी म्हैसही होती. आणि सर्व्हर तुंबल्यामुळे यातला एकही निरोप कुणापर्यंत पोचला नव्हता!

तिने लगेच घरी फोन लावला. "आई, आत्ताच्या आत्ता बाहेर पड!"

"अगं, तव्यावर भाकरी आहे. त्यात ही मोरी दावं तोडायला उठलीय…"

"जळू दे भाकरी! मोरीला सोड आणि अंगणात जा. माझी शपथ आहे तुला!"

तेवढ्यात आकडा धाडकन शून्यावर आला. "बघ, उतरला की नाही लोड!" सर हसले.

शाल्मलीला हसू येईना. चाळीस हजार जनावरं एकाच क्षणी गप्प झाली होती.

"आले बाई अंगणात," फोनवर आई करवादली. "आता काय ते…"

शाल्मलीच्या हाताखालचं टेबल हलायला लागलं.