दुसरा मॉनिटर

पाहुण्यांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला, तरी टेबलावरचा दुसरा मॉनिटर काळाच होता. सौरभ टेबलाखाली शिरला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. आणि त्या पायांभोवती त्याचे वडील, गेणबा, येरझाऱ्या घालत होते.

"आरं, लागंल का न्हाई त्यो?"

"आबा, जरा गप बसा. बघतोय ना."

गेणबांना गप बसवत नव्हतं. आधीची दोन स्थळं याच ओटीवरून माघारी गेली होती. पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, हिंजवडीच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. पण कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलेलं. पाहुण्यांनी भर दुपारी घरात बसलेला नवरदेव पाहिला, मांडीवर लॅपटॉप, कानात बोंडं, आणि चहा पिऊन जे गेले ते गेलेच. घोटावड्यातले लोक तर तोंडावर विचारायचे, "काय गेणबा, पोरगं अजून घरीच का?" गेणबा रोज समजावून सांगत आणि रोज कुणालाच पटत नसे. हेही स्थळ गेलं तर पोराचं कसं व्हायचं, या काळजीनं त्यांना घास गोड लागेना.

मग त्यांनीच डोकं लढवलं. मांडीवर लॅपटॉप असला की पोरगं पिक्चर बघतंय असंच दिसणार. टेबल पाहिजे, फिरती खुर्ची पाहिजे आणि समोर ओळीनं स्क्रीन पाहिजेत, टीव्हीवर शेअर बाजारवाल्यांच्या पुढ्यात असतात तसे. सौरभकडे एक मॉनिटर होताच, गेणबांच्या हट्टापायी दुसरा आला. लॅपटॉपला एकच जोडायची सोय, म्हणून दोन जोडता येतील असा अडॅप्टरही आला, साबणाच्या वडीएवढा. सकाळपासून पहिला मॉनिटर चालू आणि दुसरा ढिम्म. सौरभनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, वायरी बदलल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटी शिव्याही घालून पाहिल्या.

तेवढ्यात पाहुणे आलेच. उरवड्याची मुलगी जुईली आणि तिचे मामा. मुलगी स्वतःच घर बघायला आलेली पाहून सौरभची आई, रंभाबाई, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करू लागल्या. मामांनी मात्र बूड टेकायच्या आधीच टेबलाकडे बोट केलं.

"हे काय हाय?"

"हापिस," गेणबा छाती फुगवून म्हणाले. "हितं बसून समदी कंपनी सांभाळतोय त्यो."

"मंग ह्यो बंद का?"

गेणबांच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यो व्हय? त्यो... राखीव हाय. लई काम आलं की लावतोय."

जुईलीला हसू आवरेना. ते लपवायलाच की काय, ती उठून टेबलापाशी गेली. "बघू का जरा?" असं सौरभला विचारून तिनं अडॅप्टरच्या साऱ्या वायरी काढल्या आणि तो दारातल्या उजेडात धरला. उलटासुलटा करून पाहिला. मग रंभाबाईंकडे वळली.

"मावशी, याची पूजा केलीत का?"

"केली की!" रंभाबाई म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली, हळदकुंकू नगं लावाया? पन त्याचं तोंड कुटलं त्येच कळंना. म्हनून उजव्या अंगाच्या भोकाला बोट टेकलं."

बोट चांगलंच टेकलं होतं. भोकात ओलं कुंकू जाऊन वाळून गच्च बसलं होतं. सकाळपासून सगळा दोष सॉफ्टवेअरला देणाऱ्या सौरभनं कपाळाला हात लावला. जुईलीनं कोरडा टूथब्रश मागून घेतला, भोक साफ केलं, फुंकर मारली आणि वायरी पुन्हा जोडल्या. दुसरा मॉनिटर लख्ख उजळला.

"तुला कसं गं कळलं?" रंभाबाईंनी विचारलं.

"माझ्या अडॅप्टरला आमच्या आईनं असंच केलं होतं."

मामा घाईघाईनं मध्ये पडले. "ती बी घरनंच काम करती कंपनीचं. म्हंजी, सैपाक बी येतोय तिला."

गेणबांच्या जिवात जीव आला. पण मामा मुरलेले होते, त्यांचं लक्ष अजून टेबलावरच होतं.

"पन काय हो, येका मानसाला येवढं स्क्रीन लागत्यात कशाला?"

गेणबा काहीतरी दणदणीत सांगायला तोंड उघडणार, तोच सौरभ बोलला.

"नाही लागत. मला एकच मॉनिटर पुरतो. हा दुसरा तुम्हाला दाखवायला आणलाय. आबांना वाटलं, नुसता लॅपटॉप बघून तुम्ही पण माघारी जाल."

जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं गेणबांना वाटलं. त्यांना पोराचा राग आला. पोरानं खोटं पुढं रेटलं नाही म्हणून आतून थोडं बरंही वाटलं. पण स्थळ हातचं गेलं याबद्दल त्यांच्या मनात काही शंका उरली नाही. मामांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली आणि उठण्यासाठी गुडघ्यांवर हात ठेवले.

"बरं हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "मंग ह्यो दुसरा दुकानात परत देऊन टाका."

जुईली अजून टेबलापाशीच उभी होती.

"नको मामा, राहू दे," ती म्हणाली. "तो मला लागेल."