घरामागचं कार्देलेन

तुर्कस्तानातल्या तोरोस डोंगरातलं बर्फ वितळू लागलं की तुंजायचं जेवणाखाण्यात लक्ष नसे. रानोमाळ भटकायचं, कार्देलेनची पांढरी फुलं उलटी करून आतला हिरवा ठिपका बघायचा आणि जात ओळखायची, यातच त्याची चाळिशी उलटली होती, लग्न राहूनच गेलं होतं.

त्या सकाळी मात्र तो घरामागच्या उतारावरूनच ओरडत आला. "आई, नवी जात सापडली! ठिपका आपल्या डोंगरातला आणि पान काळ्या समुद्राकडचं! जगात कुणी पाहिली नसेल. आता माझं नाव लागणार तिला!"

शेफिकाने चहाचा पेला खाली ठेवला. "अरे, कुठून कुठून कंद उपटून आणतोस आणि बघून झाले की उकिरड्यावर टाकतोस. माझा जीव तुटतो रे. दरवर्षी मीच ते उचलून घरामागे लावते. इथल्याच्या शेजारी तिथला."

तुंजायने कपाळावर हात मारला. "म्हणजे ही त्यांची पोरं? आई, हे काय करून बसलीस?"



"मग काय करू? तुझं काही जमेना, म्हटलं त्यांचं तरी जमवून द्यावं!"