तापलेल्या डोक्याचा सौदा

शर्वाणीच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा लाल झाला आणि शेअर दलाल कोठारीशेठ खुर्चीत रेलून खदाखदा हसले.

"काय मॅडम, गेला का सौदा?"

बाजार बंद व्हायच्या आत शर्वाणीच्या ॲपमधून शेठच्या सिस्टिमला चाचणीचा एक सौदा जायलाच हवा होता, नाहीतर दोन्ही जोडून द्यायचं तिचं कंत्राट बोंबललं! आणि नव्या कायद्याप्रमाणे सौदा करणाऱ्या प्रत्येकाने हा पट्टा बांधायचा; डोकं शांत नसेल तर तो सौदा पुढे सोडतच नाही. शेठना ते कंत्राट भाच्याला द्यायचं होतं, म्हणून ते सकाळपासून तिला नुसते डिवचत होते.

"जमत नसेल तर घरी जाऊन भरतकाम करा की!"

पट्टा आणखी लाल. उचलावा लॅपटॉप आणि घालावा याच्या टकलात, असं तिला झालं.

इतक्यात शेठचे स्वतःचे शेअर घसरू लागले. त्यांनी हसत हसतच ‘विका’ दाबलं. सौदा अडला. त्यांचाही पट्टा लालभडक!

"अरे, मी कुठे रागावलोय? मी तर मजेत आहे!"

"दुसऱ्याला छळून उकळ्या फुटतात ना शेठ, त्याही चालत नाहीत याला."

भाव आणखी पडला. शेठ घाबरले, तसा पट्टा जास्तच पेटला.

"मॅडम, काहीतरी करा ना!"

शर्वाणीला हसू फुटणार होतं, पण तिने ते गिळलं. डोळे मिटून तिने एक लांब श्वास घेतला. तिचा पट्टा हिरवा झाला, चाचणीचा सौदा गेला.

मग मात्र ती पोट धरून हसली.