उरलेलं काम

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून तिथला गाईड रहीम यानं दोन वर्षं वाट पाहिलेला कॉम्प्युटर गेम त्याच दिवशी लावला. दुपारच्या आतच त्याचा हिरो चालता चालता भिंतीत कमरेपर्यंत रुतला, तो निघेचना. शेजारच्या दारावर पाटी होती, 'हा भाग लवकरच येत आहे'. रहीमनं नेटवर गेमच्या कंपनीला पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, "काम अर्धवट, पैसे मात्र पूर्ण."

उत्तर लगेच आलं. "आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. उरलेलं काम लवकरच पूर्ण करू."

"सब्र किया किसने?" तो बायकोला, सगीराला म्हणाला.

बुधवारी पुण्याच्या एका साहेबांना त्यानं अपुरं राहिलेलं लेणं दाखवलं. कमरेपर्यंत दगडातच राहिलेल्या द्वारपालापुढं त्याचा आवाज नेहमीसारखा भरून आला. "कारागीर छिन्नी ठेवून उठला, तो परत आलाच नाही, साहेब. बाराशे वर्षं झाली. पण खरी कला ह्या अपुरेपणातच आहे." साहेबांनी मान डोलावली, फोटो काढला.

संध्याकाळी नेटवर रहीमच्या नावापुढं एकच तारा होता. "लेणं अर्धवट आहे. गाईडनं पैसे मात्र पूर्ण घेतले."

"अब इसको क्या बोलते?" सगीरानं विचारलं. असला एक तारा म्हणजे महिनाभर गिऱ्हाईक फिरकणार नव्हतं.

रहीमनं कंपनीचं कालचं उत्तर शोधलं आणि काना-मात्रेचाही फरक न करता खाली चिकटवलं.

"आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. उरलेलं काम लवकरच पूर्ण करू."