मे महिन्यातला हीटर

पाचोरा मागे पडलं आणि इंजिनच्या तापमानाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन. मागच्या सीटवर आबांची ट्रंक, गादीची वळकटी आणि त्यांच्यामध्ये चेपून बसलेली सून सविता. पुढे गाडी चालवणाऱ्या प्रशीलच्या शेजारी त्याचे वडील, सुकदेव आबा. जळगावचं घर सोडल्यापासून नजर खिडकीबाहेर.

तीस वर्षं सरकारी जीप चालवलेला माणूस. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं आणि आबांनी एकच धोशा लावला. माझा आता काही उपयोग नाही, मला गावी नेऊन सोडा. चाळीसगावजवळच्या त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. मुलाने विनवलं, सून रडली. म्हातारा हटेना.

आता त्याच म्हाताऱ्याची नजर काट्यावर गेली.

"एसी बंद कर. काचा उघड. हीटर लाव, पुरा," आबा म्हणाले. "इंजिननी गरमी मझार, गाडीत येऊ दे."

प्रशीलने आरशातून सविताकडे पाहिलं. मग एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटरचं बटण फिरवलं. भट्टीची असावी तशी हवा तोंडावर आली. तिघांचेही कपडे पाठीला चिकटले. हळू घे, गिअर बदल, अशा आबांच्या सूचना सुरू झाल्या.

"आबा, तुमच्या हीटरने भाजून काढलं हो," सविता ओढणीने तोंड पुसत म्हणाली. आबा गालात हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. पाच-सात किलोमीटरमध्ये काटा खाली आला.

"फिराव गाडी," भडगावच्या अलीकडे आबा एकदम म्हणाले. "पह्यले मेकॅनिककडे चाल. तुले एकलाले हाई गाडी जमाव नही."

गाडी जळगावकडे वळली. वाटेत टपरीवर आबा चूळ भरायला उतरले, तसा प्रशील मागे वळून हळूच म्हणाला, "मेकॅनिकला फोन करायला हवा. जळगावात हीटर कोणाला लागतो म्हणत त्याने हीटरची नळीच काढून टाकलीय. आबांसमोर बोलून बसेल. काटा एसी बंद केल्याने उतरला, आणि हवा बाहेरच्या उन्हाची होती."

"मेसेज केलाय त्याला," सविता म्हणाली. "तुम्ही बटण फिरवलं ना, तेव्हाच."