चौदा ओळी

"बाकीचं कुठे आहे?" प्रमुखांनी विचारलं.

"बाकीचं नाहीच, सर," नवी मुलगी म्हणाली. "एवढंच आहे."

प्रमुख पडद्याला नाक लागेल इतके पुढे झुकले. हॉस्पिटलच्या संगणक विभागात त्यांची हयात गेली होती. कोणत्या रोग्याला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, याची यादी वॉर्डाला रोज देणारा प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. चारशे बारा ओळी. तोच नव्या भाषेत लिहून काढ म्हणून या मुलीला सांगितलं, तर तिने आणल्या चौदा ओळी आणि खाली त्यातली एकेक ओळ काय करते त्याची तीन-चार ओळींत फोड. प्रमुखांची सही झाली की दुपारपासून वॉर्ड हीच यादी वापरणार होता. ती चुकली, तर एखाद्याच्या पोटात भलतंच औषध जायचं.

इतकं सरळ दिसतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी पहिल्याच नजरेत ठरवून टाकलं.

"पहिला रोगी, दुसरा रोगी, असा फेरा कुठे मारलायस यात?"

"मारावा लागत नाही, सर. अख्खी यादीच पुढे सरकते. प्रत्येक ओळ एकच काम करते आणि पुढच्या ओळीच्या हातात देते. मूळ यादीला कोणी हात लावत नाही."

"हं. दोन दिवस वॉर्डात जाऊन बसली होतीस म्हणे?"

"हो. तिथे कोणत्या कामाला काय म्हणतात, ते ऐकत होते."

"गप्पा ऐकून प्रोग्रॅम लिहितात होय!"

त्यांनी सकाळचीच माहिती दोन्ही प्रोग्रॅमना दिली, दोन्ही याद्या छापून घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवून पट्टी लावली. पट्टी एकेक ओळ खाली सरकू लागली. नवी उभीच होती. तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी पक्की करायची की नाही, हेही त्याच पट्टीखाली होतं.

सतराव्या खाटेवर पट्टी थांबली.

"सापडली!" आवाज शेजारच्या खोलीपर्यंत गेला. "माझ्या यादीत संध्याकाळची गोळी आहे. तुझ्या यादीत नाही. कोणी गिळली ती? तू?"

नवीचा चेहरा उतरला. तिने चौदा ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. मग हळूच म्हणाली, "वॉर्डात विचारू या का, सर?"

"बोलाव ना. होऊ दे दुधाचं दूध."

मोठ्या सिस्टर तावातावाने आल्या. "साहेब, इंजेक्शनं तशीच टाकून आलेय. पटकन बोला."

प्रमुखांनी कागद पुढे केला, पण सिस्टरचं लक्ष पडद्याकडे गेलं होतं. त्या बोट ठेवून वाचू लागल्या. "वॉर्डातले आजचे रोगी... त्यांना लिहून दिलेली औषधं... डॉक्टरांनी बंद केलेली सोडून... अ‍ॅलर्जीवाली बाजूला काढून... वेळेप्रमाणे लावून..." त्या थांबल्या. "अगं, हे तर आम्ही बोलतो तसंच आहे!"

"सतरा नंबर बघा, सिस्टर."

"सतराची ती गोळी परवाच बंद केली डॉक्टरांनी. नाहीये ते बरोबरच आहे."

"मग माझ्या यादीत कशी?"

"तुमच्या यादीत येतात की अधूनमधून बंद झालेली. आम्ही लाल पेनाने खोडतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, साहेब. नवीन पोरगी कामाला आली की मी पहिल्या दिवशी तेच शिकवते. यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुमचं काही कारण असेल." सिस्टर जराशा ओशाळल्या. "त्यातलं कळतंय कोणाला!"

प्रमुखांचा विश्वास बसेना. त्यांनी डॉक्टरांची नोंद उघडली. परवा, सकाळी साडेदहा. गोळी बंद. त्यांनी नोंद दोनदा वाचली, तारीख तपासली, उरलेल्या खाटांवरून पट्टी शेवटपर्यंत फिरवली. मग नवीचा कागद ओढून त्यावर सही केली. नवीने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"बंद औषधं गाळायची ओळ मी घातली होती," प्रमुख स्वतःशीच म्हणाले. "मला पक्कं आठवतंय."

त्यांनी आपला प्रोग्रॅम उघडला. ओळ होती. सत्तराव्या ओळीला, जिथे असायला हवी तिथेच. मग गोळी सुटली कुठून? त्यांनी बोट ठेवलं आणि सिस्टरनी वाचलं होतं तसंच मोठ्याने वाचायला घेतलं.

"के शून्य कर... के एकने वाढव... के तीनच्या पुढे गेला तर एक्समध्ये टाक... एक्स..."

ते थांबले. एक्स हे नाव त्यांनीच दिलं होतं, पण त्यात नेमकं काय ठेवलं होतं?

सिस्टर दारात खोळंबल्या होत्या. गोष्ट सांगणारा मध्येच थांबला की विचारतात, तसं त्यांनी विचारलं, "मग?"

प्रमुखांनी बोट उचललं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं.