परतीची नोंद

प्रवासात माणसाची खरी ओळख पटते. निवृत्त हेडक्लार्कच्या बायकोला ती पटायला एकोणीस दिवस गाडीत बसावं लागलं, आठदा तंबू ठोकावा लागला आणि घोटा मुरगळून घ्यावा लागला. डोंगराच्या निम्म्या वाटेवर ती दगडावर टेकली. पाय सुजत होता, मोबाइलला रेंज नव्हती, उन्हं कलली होती. “घाबरू नका,” तीच नवऱ्याला म्हणाली. “पाचपर्यंत परतलो नाही, तर पायथ्याचे चौकीवाले रजिस्टर बघून शोधायला येतात. सकाळी नोंद केलीत ना?” तो बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला. “अहो, केलीत ना?” “केली. जाण्याची आणि परतल्याचीही.” “परतल्याची? सकाळीच?” “संध्याकाळी रांग असते गं. ऑफिसात मस्टर असंच भरायचो.” पाचला चौकीदाराने रजिस्टरात दोघं साडेचारला सुखरूप परतल्याचं वाचलं, चौकीला कुलूप लावलं आणि त्यांच्या गाडीला वळसा घालून तो घरी गेला.